काचेवरचं हिरवं

४ मार्च
आलो एकदाचा! ताई फाटकापर्यंत घ्यायला आली आणि नेहमीसारखं म्हणाली, किती वाळलास रे. गेल्या वर्षात माझं वजन सहा किलोंनी वाढलंय. म्हाताऱ्या माणसांचं हे शुश्रूषागृह ती वीस वर्षं सांभाळतेय. इथल्या हॉलमध्ये कुणीतरी माशांसाठी सहा फुटी, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी भेट दिली आणि तिचं करायचं काय हे कुणालाच कळेना, म्हणून मला बोलावणं. माझं शोभेच्या माशांचं दुकान बुडालं, यावर सगळे नातेवाईक पोटभर हसून झालेत. असो. धुलाईघरामागची खोली मिळालीय. खिडकी आहे, टेबल आहे. आणखी काय हवं?

१२ मार्च
वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर आलाय. ताई घाबरली. तिला समजावलं की बाळाला दात येतात तसं नव्या टाकीला शेवाळ येतंच. चौथा हिस्सा पाणी बदललं, दिवे दिवसाला सहा तासांवर आणले, जुन्या टूथब्रशने दगड घासले. हेडबाई, म्हणजे इथे राहणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, चाकाच्या खुर्चीतून देखरेख करत होत्या. डावा कोपरा राहिला, म्हणाल्या. मग माझी ही वही मागून घेतली आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासून परत दिली. सत्तावीस चुका. बरं वाटलं, का कोण जाणे.

२३ मार्च
तपकिरी गेलं, हिरवं आलं. लांब, केसांसारखं. माशांना एक दिवसाआड खाणं देतोय, वीस गोगलगायी सोडल्या. पाणी तपासलं तर त्यात शेवाळाला पोसेल असं काहीच नाही. मग हे जगतंय कशावर? सकाळी काच लख्ख करावी आणि संध्याकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. ताई मात्र खूश. टाकी आल्यापासून सगळे शांत बसतात म्हणे, कुणाची कटकट नाही.

३१ मार्च
गोगलगायी काचेला चिकटून आहेत. जिवंत आहेत, पण हलत नाहीत. तोंडापुढे हिरवं रान, आणि खात नाहीत. इथलेच ड्रायव्हरकाका, म्हणजे निवृत्त बसचालक, रोज बागेला वीस फेऱ्या मारायचे, ते तीन दिवस टाकीसमोर बसून आहेत. दमलोय, म्हणाले. कशाने ते त्यांनाही सांगता येईना. काच घासताना माझेही हात खांद्यापासून गळून येतात. वय झालं म्हणायचं.

६ एप्रिल
हॉलला रंग द्यायचा म्हणून चार दिवस सगळ्यांना बाहेर काढलं होतं. टाकीचे दिवे चालूच ठेवले. काच स्वच्छ राहिली! मी एकट्यानेच टाळी वाजवली. आज दहा वाजता सातजण पुन्हा समोर येऊन बसले. जेवणाच्या घंटेपर्यंत बोटभर शेवाळ. पट्टी लावून मोजलं.
दोनदा मोजलं.

७ एप्रिल
सकाळी हॉल बंद ठेवला, दिवे लावले. काही नाही. दुपारी दिवे बंद केले, हॉल उघडला. माणसं बसली. वाढलं.
उजेडावर नाही वाढत ते.

९ एप्रिल
ड्रायव्हरकाका खुर्चीतच गेले. दुपारच्या चहाला हाक मारली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, वयच होतं. त्यांच्या खुर्चीसमोर, बरोबर त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर, काचेवर हिरव्याचा जाड गोळा आहे. बाकी कुठे एवढा नाही. ताईला सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाली, फार दमलायस, घटकाभर टाकीसमोर बस, बरं वाटेल.

११ एप्रिल
हेडबाईंना त्यांच्या खोलीत नेलं. रागावतील वाटलं होतं. रागावल्या नाहीत. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि अर्ध्यात सोडून दिलं. बोलायला किती बळ लागतं रे, एवढंच म्हणाल्या. दाराला बाहेरून कडी घातली — दुसरं काय करणार — एक तास होत नाही तो कुणीतरी कडी काढून त्यांना परत आणून बसवलं. बाईंनीच हाताने खूण केली म्हणे.

१३ एप्रिल, सकाळ
ताईला विचारणार नाही. हॉलमधून सगळ्यांना हलवलं, हेडबाईंना सर्वांत आधी. मासे बादल्यांत काढले. पाणी उपसायची नळी लावलीय. वाजले दहा.

साडेदहा
पाणी अर्ध्यावर. शेवाळ खाली नाही गेलं. कोरड्या काचेवर — वर चढतंय.

ताई आली. संतापलेली. कुणाला विचारून, म्हणाली. बोलता बोलता ड्रायव्हरकाकांच्या खुर्चीत टेकली — ओरडताना दम लागतो तिला — वाक्य अर्धंच राहिलं तिचं.

उठवायला गेलो. हात ओढला. जड. जरा शेजारी टेकलो, श्वास घ्यायला.

डोळे उघडे आहेत तिचे. काचेकडे.

हाक मारली. मारली का? की मनातच —

तिच्यासमोर काच हिरवी होत चाललीय. बघता बघता. आणि माझ्यासमोरही

पाठ टाकीकडे करायची. एवढंच. खुर्ची वळवायची, ताईला धरून दारापर्यंत — दहा पावलं. दहाच.

एवढं वाक्य लिहून झालं की उठतो. ताईचा हात धरतो आणि