हात लावण्याआधी

सोमवार, ३ नोव्हेंबर

आधी दुरुस्ती. शनिवारी इथे लिहिलं की आत्या कशालाच घाबरत नसे. शोकसभेतही तेच वाचून दाखवलं, लोकांनी माना डोलावल्या. चूक आहे ते.

आज अन्वरभाई शववाहिनीच्या चाव्या द्यायला आले. इतकी वर्षं आत्याची गाडी त्यांनीच चालवली. मी सहज म्हटलं, आप दोनों को डर नहीं लगता था? हसले. "मॅडम को? बहोत लगता था. इसी लिए तो मय्यत से बात करती थी. चुप होती तो हाथ काँपते."

मला वाटायचं ती फक्त लष्करातली सवय. मिलिटरी हॉस्पिटलात नर्स होती, कॅप्टन होऊन बाहेर पडली. पेशंटला हात लावण्याआधी सांगायचं: आता कूस बदलते, आता पाणी लागेल, गार आहे. पुढे पेणकरपाड्यात गाळा घेऊन अंत्यविधीचं काम सुरू केलं, तरी ते सुटलं नाही. आंघोळ घालताना मृतालाही सांगायची, "आजी, हात उचलतेय हं." शाळेत जायच्या आधी मी तिच्याकडेच शिकले. अक्षरं, चादरीचा कोपरा दुमडणं, आणि हे. बाहुलीलासुद्धा सांगून मगच फ्रॉक काढायचा.

पहिल्यांदा एक जवान तिच्या हातात गेला तेव्हा ती त्याच्याशी बोलत होती. तो गेल्यावरही बोलतच राहिली. थांबले असते तर वॉर्डमधून पळाले असते, असं अन्वरभाईंना म्हणाली होती. मला कधीच नाही म्हणाली. मी घाबरट म्हणून? की

बुधवार, ५ नोव्हेंबर

आत्याच्या मोबाइलवर भाईंदरजवळच्या पालीहून फोन. कोळीवाड्यातल्या मावशी. नाव इथेही लिहीत नाही.

"बाय, आत्या हाय का?"

"बाहेर गेलीय."

निघून गेलं तोंडातून. तिचा तेरावा होऊन गेला आणि मी म्हणते बाहेर गेलीय.

आत्यानं सांगून ठेवलं होतं: पालीच्या मावशींची शेवटची आंघोळ मी एकटीनं घालणार, दार लावून. शब्द दिलाय, कारण विचारू नकोस. आता शब्द देणारीच आधी गेली, आणि मावशी तिकडे तिच्या भरवशावर.

बाबांना सांगितलं. "ताईचं ताईबरोबर गेलं. गाळा सोडू, गाडी विकू. इंजेक्शन घेताना तू डोळे मिटतेस, आणि मयत धुणार?" खरंच आहे. पण शब्दाचं काय करायचं, ते नाही सांगितलं त्यांनी.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मीरा रोडला एका टॉवरमधल्या काकू गेल्या. त्यांच्या घरच्यांना आत्याचंच नाव माहीत. अन्वरभाई म्हणाले, चलोगी? गेले. शेजारच्या बायकांनीच आंघोळ घातली, मी नुसता तांब्या धरून. "काकू, पाणी घालतेय हं", एवढंच म्हणायचं होतं. आवाज फुटला नाही. हात असा हलायला लागला की पाणी माझ्याच पायावर. एक बाई म्हणाली, "ए मुली, बस जा बाहेर, नाहीतर तुलाही उचलावं लागेल." दोघी-तिघी फिसकन हसल्या.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. खोली बायकांनी भरलेली. "अगं, पाठ बघ किती सोललीय." "किती सुकली होती गं." वाईट मनात काही नव्हतं कुणाच्या. पण सगळं सगळ्यांनी पाहिलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पालीला गेले. आत्या गेल्याचं आज सांगायचंच, असं ठरवून. मावशी फार उतरल्यात. सून चहा ठेवायला आत गेली, तशी त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला. एका बाजूला काही नव्हतं.

(हे लिहावं की नाही. पेन खाली ठेवलं, परत उचललं. वही माझीच आहे.)

घरी पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. आत्याच घेऊन गेली होती, जखमही तीच बांधायची. "पोराला म्हाईत न्हाय, सुनेला न्हाय. तुजे आत्येलाच म्हाईत. मी गेल्याव गल्लीतल्या बायका येतील धुवाला. मना त्यांच्यासमोर उघडी न्हाय पडायची. तिला सांग, आता जास्त दिस न्हाय."

सून चहा घेऊन आली. माझं राहिलं ते राहिलंच.

निघताना सवयीनं नुसतीच उठले. मयताच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नाही, हे आत्याचं वळण. पायरीपर्यंत पोचले तोच आतून ओरडल्या, "येतंय बोल गो! मी आजून जिती हाय!" सून तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. रिक्षात बसल्यावर रडू आलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

गाडीला गिऱ्हाईक आलंय. बाबांना म्हटलं, थोडं थांबा. "कशासाठी?" सांगता येईना. मावशींची गोष्ट, ती मी कशी सांगणार.

न सांगता राहिले तर त्या आत्याच्या भरवशावर शांत जातील. आणि मग गल्लीतल्या बायका येतील. सांगितलं तर भरवसाही जाईल, आणि बदल्यात माझे हे हात. शनिवारचे.

अन्वरभाईंना एवढंच विचारलं, मुझसे होगा? म्हणाले, "मॅडम ये कभी नहीं पूछती थी. पूछती थी, पानी गरम हुआ क्या."

रविवार, १६ नोव्हेंबर

उशीवर सराव केला. ओला पंचा, दार लोटलेलं. "मावशी, कूस बदलतेय हं." आधी नुसती हवाच. मग आवाज आला. हात कापतच होते. पण बोलत होते तोवर काम पुढे सरकत होतं.

बाबा दारात. "कुणाशी बोलतेस?"

"उशीशी."

"उत्तर देते?"

"तुम्ही गेलात तर देईल."

गेले. जाताना दार ओढून घेतलं त्यांनी, नीट.

आधी आत्या गेली हे सांगणार. मग विचारणार, मावशी, माझे हात चालतील का? शनिवारचं पाणी सांडलेलंही सांगणार. नको म्हणाल्या तर काय, ते अजून माहीत नाही. पण आता विचारलं तर त्या उत्तर देऊ शकतात. नंतर मी कितीही सांगून हात लावला तरी

मंगळवार-गुरुवारी मासळी खपत नाही, सून घरीच असते. बुधवारी टोपली घेऊन भाईंदरच्या बाजारात. मावशी एकट्या.

निघताना 'येते' म्हणायचं. विसरायचं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर. सकाळीच जायचं.