साबुदाण्याच्या डब्यातली काडतुसं

शनिवार, ९ सप्टेंबर २००६

बादली! लोक शनिवारी बाजारात जाऊन भाजी आणतात. माझा नवरा गन शोमधून, म्हणजे बंदुकांच्या बाजारातून, बादलीभर रिकामी काडतुसं घेऊन आला. उडवून झालेली. दुसऱ्याच कुणीतरी! आणि चेहरा असा, जणू लॉटरी लागली.

"सुलू, हे ब्रास आहे."

"पितळ ना?"

"ब्रास!"

म्हणे, गोळी उडाली की ही पितळी नळी मागे राहते. ती साफ करायची, तपासायची, दाबून पुन्हा मापात आणायची. मग नवी दारू, नवी गोळी — झालं नवं काडतूस. विकणारा दाढीवाला शपथेवर सांगत होता, एकदाच वापरलेली आहेत.

अमेरिकेचे सिटिझन झाल्यावर लोक अंगणात झेंडा लावतात. शेखरने रायफल घेतली. त्याच्या ऑफिसातल्या सिद्धेशने नाद लावला. नोव्हेंबरात दोघं हरणाच्या शिकारीला जाणार. हरणांनी निश्चिंत असावं.

मी म्हटलं, चिंच लावून घासून देऊ? समईसारखी लखलखतील. असा बघितला माझ्याकडे!

रविवार, १० सप्टेंबर

काडतुसं घासायचं यंत्र सुरू. आत अक्रोडाच्या कवचांचा भुगा. सकाळपासून मिक्सरमध्ये खडे वाटल्यासारखा आवाज. लायब्ररीतली नोकरी मी शांततेसाठी धरली होती, पण आज रविवार!

मंगळवार, १२ सप्टेंबर

माझी सुट्टी. शेखर ऑफिसात. गॅरेजमध्ये गेले, उगाच. टेबलावर दोन टब — एकावर 'ओके', दुसऱ्यावर 'बाद'. साहेबांनी काल सगळी बादली तपासून टाकली म्हणे. काल मी विचारलंही होतं, नीट बघितलंस ना? तर, "सुलू, बारा वर्षं मी लोकांचा कोड तपासतोय. माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

'ओके'मधलं एक सहज उचललं. दिसतात छान, खोटं कशाला बोलू. तोंडाशी चीर! केसाएवढी नाही, चांगली ठसठशीत. दुसरं उचललं — बुडाच्या जरा वर चकचकीत कडं. हे काय असतं? यंत्राबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक अजून प्लॅस्टिकमध्येच होतं. फाडलं, चहा करून घेतला आणि वाचलं.

तिथे पितळ ताणून पातळ झालेलं असू शकतं. नुसतं बाहेरून बघून भागत नाही. तारेचं टोक वाकवून आत घालायचं आणि भिंतीवरून फिरवायचं. टोक खाचेत अडकलं, तर ती नळी फेकायची. नाही फेकली तर उडवताना तिथेच तुटते, आणि तापलेली हवा मागे येते. मागे म्हणजे — तोंडावर.

चहा गार झाला.

आंबाड्याचा आकडा वाकवून घेतला आणि बसले. टक् — अडकला. फिरवला, अडकला नाही. टक्. सगळा टब पुन्हा तपासला. मग 'बाद' टब बघितला तर त्यात चांगलीच्या चांगली! तोंडाशी निळसर डाग दिसला की साहेबांनी बाद केलेली. डाग कारखान्यातच पडतो, पुस्तकात फोटोसकट दिलंय. वाईट काढली, त्यांच्या जागी डागवाली जरा पुसून ठेवली. भरती तेवढीच. वाईट सगळी साबुदाण्याच्या डब्यात. शेखर साबुदाण्याला शिवत नाही.

सांगायचं का त्याला? सांगितलं तर आधी "तुला काय कळतं", मग अबोला, मग मला दाखवायला म्हणून तीच काडतुसं भरणार. नकोच. तोंड त्याचं शाबूत राहील आणि मला मंगळवारी उद्योग!

शनिवार, १६ सप्टेंबर

नेमबाजीच्या रेंजवरून आला. छाती बाहेर. "एकही फुटलं नाही! सिद्धेशची दोन फुटली. नजर लागते, सुलू, नजर."

मी बेसिनकडे तोंड करून भांडी घासली. खांदे हलत होते. त्याला वाटलं मी रडतेय!

नेम मात्र सगळे डावीकडे. म्हणे रायफलीची दुर्बीण वाकडी आहे.

रविवार, २४ सप्टेंबर

सिद्धेशकडे जेवण. पाच-सहा घरं होती. भरली वांगी झाल्यावर शेखरने खिशातून रिकामं काडतूस काढलं — हो, खिशातून! म्हणूनच माझ्या हाती न लागलेलं — आणि व्याख्यान सुरू. ब्रास कसं बघावं, उजेडात कसं फिरवावं. मध्ये दोन ग्लास पाणी प्यायला, पुन्हा सुरू. "हे बघा, हा परफेक्ट पीस."

मला सोफ्यावरून चीर दिसत होती. सोफ्यावरून!

"बघू, बघू, किती गोड!" म्हणून मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. लोकांना वाटलं, काय प्रेम आहे हो नवऱ्याच्या छंदावर.

इथवर मजा होती. मग सिद्धेश म्हणाला, "दादा, यार, माझंही ब्रास चेक करून द्या ना. तुमच्यासारखी नजर नाही आपली."

"दे पाठवून," शेखर म्हणाला. कसा उदार झाला!

आता दुसऱ्याच्या पोराचं तोंड माझ्या आकड्यावर.

रविवार, १ ऑक्टोबर

नवी दुर्बीण बसवली. नेम पुन्हा डावीकडे. आता वारा जबाबदार आहे.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

सिद्धेशची थैली उपसली. दुपार गेली, तरी अर्धी उरलीच. साबुदाण्याचा डबा भरला, आता वऱ्याच्या तांदळाचा घेतला. आता कुणी उपास धरला तर मेले मी.

शनिवार, १४ ऑक्टोबर

आज काय काय केलं मी! लिहिता लिहिता अजून हसतेय.

मंगळवारी लायब्ररीत एक बाई आजारी, मला बोलावलं. सिद्धेशचा उरलेला माल राहिला तपासायचा. परवा म्हटलं बघू, तर टब जाग्यावर नाही. शेखर म्हणाला, "दिला की सिद्धेशला. ओके करून." ओके करून!

काल कशी काढली मलाच ठाऊक. आज सकाळी शेखर केस कापायला गेला, आणि मी चिवड्याचा डबा घेऊन थेट सिद्धेशकडे. रस्त्यात एकच विचार — भरायला बसला असेल तर?

नव्हता बसला. टब तसाच होता. मी एका दमात सांगितलं — माझ्या अंगठीचा खडा पडला, बहुतेक ह्याच टबात.

"मी शोधतो ना, वहिनी."

"नको, मला तो ओळखू येतो."

जमिनीवर फतकल मारून बसले. आकडा काढला. एकेका नळीत घालतेय, फिरवतेय. सिद्धेश बघतोय.

"वहिनी, खडा आत कसा गेला असेल?"

"खडाच तो. जातो कुठेही."

"आणि बोटात तर आहे अंगठी. खड्यासकट."

मेले! मी हाताकडे बघितलं, त्याने बघितलं. तेवढ्यात आकडा अडकला — टक्. मुकाट्याने नळी त्याच्या हातात दिली, आकडाही दिला. त्याने फिरवून बघितला. खुळा नाही तो, चेहराच उतरला.

मग सगळं सांगितलं. आधी तो हसला — इतका, की चिवडा सांडला. मग माझ्याबरोबर खाली बसून उरलेला टब तपासला. अजून तीन निघाली. शेवटच्याची चीर तर दारातून दिसावी अशी.

"वहिनी, दादांना हे दिसलं कसं नाही?"

"घाई. लग्नातही मंगळसूत्र घालताना हुक पदरातच अडकवला होता."

तो हसला नाही यावर. म्हणाला, "दादांना सांगू नका मात्र. फार खूश असतात, यार."

चला! कटात एक माणूस वाढला.

शनिवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

पणत्यांत तेल घालायचं काम शेखरकडे. धार पणतीच्या शेजारी, ओट्यावर! बघतोय पणतीकडेच, आणि ओततोय ओट्यावर. वर "लक्ष्मीला भरपूर" म्हणाला. पोट दुखेपर्यंत हसलो दोघं.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

साहेब तणतणत आले. ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करायला गेले होते. तिथे मशीनमध्ये डोळे लावून अक्षरं वाचायची असतात. उजव्या डोळ्याने एक ओळ वाचता येईना. बाईंनी पुन्हा वाचायला लावली, मग म्हणाल्या, डोळ्यांच्या डॉक्टरकडून लिहून आणा.

"मशीन खराब आहे. काचेवर डाग होता मधोमध."

"मग डाव्याने वाचताना?"

"तेव्हा नव्हता."

मी हसायला तोंड उघडलं. हसू आलं नाही. जेवताना त्याच्याकडे बघत होते. वाटीत चमचा घालताना तो आधी बोटाने वाटीची कड शोधतो. कधीपासून?

मंगळवारची अपॉइंटमेंट मीच घेतली. त्याला म्हटलं, त्यांचं मशीन खराब आहे हे सिद्ध करून ये.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

डॉक्टरबाईंनी बुबुळं मोठी करून कितीतरी वेळ आत बघितलं. मग विचारलं, जवळचं, बारीक काम करताना काही त्रास? शेखर हसला. म्हणाला, छे, एवढं ब्रास तपासलं, एक चूक नाही, विचारा हिला. त्या माझ्याकडे वळल्या. मी सांगितलं. सगळं. तो माझ्या आवाजाच्या दिशेला बघत राहिला. साखर वाढलेली, कित्येक वर्षांची असावी म्हणाल्या, पडद्याला सूज. उजव्याच्या मधलं गेलेलं परत येणं अवघड. डाव्यालाही सुरुवात आहे, पण तो वाचेल, लेझरला लगेच या. थोडं आधी आला असता तर — एवढं बोलून थांबल्या. पार्किंगमध्ये शेखरने विचारलं, "पहिल्यापासून?" मी म्हटलं, "पहिल्यापासून." त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दुसऱ्या बाजूचं दार चाचपत गेला.