निजलेल्याची संमती

रविवार, ३ फेब्रुवारी २००२

दूरदर्शनवरील हिंदी मालिकेतील आकाशयानाच्या कप्तानाने आज आपल्या निजलेल्या मित्राला यानाबाहेर सोडून दिले. हवा सर्वांना पुरणारी नव्हती म्हणे. श्रेयाला ओतूरच्या महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेत यावरच बोलायचे आहे — कप्तान योग्य की अयोग्य? नातीने निकाल मागितला. दिला. कुळासाठी एकाचा त्याग शास्त्रास मान्य आहे. परंतु त्या एकाला जागे करून विचारले पाहिजे. पारव्यासाठी मांस देणाऱ्या राजाने मांडी स्वतःची कापली, प्रधानाची नव्हे. कप्तान दोषी!

"आबा, विचारायला येळच नसंल तर?"

दार उघडायला होता ना?

सोमवार, ४ फेब्रुवारी

ऊसतोड सुरू झाल्यापासून बिबट्या आमच्या मळ्याच्या अंगाला आला आहे. काल शेजारच्या जानकूच्या ओट्यावरून त्याने कुत्रा उचलला. जानकूची रांगती नात समृद्धी तिथेच, हातभर अंतरावर होती. चिरंजीव भरत वनखात्याचा पिंजरा घेऊन आला.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पिंजऱ्याला दोन कप्पे. मागच्यात शेळी, मध्ये जाळी. शेळी ओरडली तर बिबट्या यायचा. काल जानकूने आपली शेळी दिली. तिने पहाटेपर्यंत रवंथ केला. वनरक्षक सावळेराम म्हणाला, "लई शांत! समाधीच लावली राव."

मग भरत — "आपली चंद्री एकटी पडली की गाव गोळा करती."

खरे आहे. चंद्री करडू असताना तिची आई मेली; मी तिला बाटलीने दूध पाजून वाढवले. मी दिसेनासा झालो की ती ओरडते. जाळीतून पंजा जातो का, असे सावळेरामास विचारले. "जातो कधी कधी. आन् कधी शेळी नुसती भ्यानंच मरती." चंद्री द्यायला नाही म्हणालो. जानकू आपली शेळी घेऊन घरी गेला. बोलला असता तर बरे झाले असते.

श्रेया — "तिलाच विचारा की, आबा. तुमचाच नियम हाय."

बुधवार, ६ फेब्रुवारी

विचारले!

जत्रेत बकऱ्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडले की रुकार मिळाला असे समजतात. मी आजवर यास ढोंग म्हणत आलो. भिजलेला प्राणी अंग झाडणारच! तरीही तांब्या घेऊन गोठ्यात गेलो. शिंपडले. चंद्री स्तब्ध. पुन्हा शिंपडले. तिने माझा हात चाटला. श्रेया दारातून पाहत होती.

सावळेरामास म्हटले, त्या कप्प्यात मी बसतो.

"बाबा, सरकारी पिंजऱ्यात मानूस ठिवायचा नियम न्हाई. आन् वरडणार काय तुमी? देवळातली पोथी?"

गुरुवार, ७ फेब्रुवारी

दुपारच्या झोपेतून उठलो तो दावे रिकामे. सांजेला देवळात पोथी वाचताना उसाकडून चंद्रीचा आवाज येत होता. अध्याय पुरा केला. कोणी अर्थ विचारला असता तर सांगता आला नसता.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

बिबट्या सापडला. मादी आहे. चंद्री जिवंत, कानाला ओरखडा. माझ्या हातून पाला घेत नाही. समृद्धी ओट्यावर रांगत होती.

श्रेयाला विचारले — चंद्रीला नेताना मला उठवले का नाहीस?

"उठवलं असतं तर तुमी हो म्हणला असता, आबा. जानकूतात्यांच्या तोंडाकडं बघून. आन् मग जल्मभर चंद्रीपुढं तोंड पाडून बसला असता. त्यापरीस मीच वाईट."

कप्तानाविषयी तिने काही विचारले नाही. मीही निकाल बदलल्याचे सांगितले नाही. बदलला आहे की नाही, हे मलाही ठाऊक नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

श्रेया ओतूरला कप्तानाविरुद्ध बोलली. दुसरा क्रमांक. पारव्याच्या राजाला टाळ्या पडल्या म्हणे.

बुधवार, १३ फेब्रुवारी

जानकूच्या ओट्याखाली पुन्हा ठसे. मादीचा जोडीदार असावा. सावळेराम पिंजरा घेऊन आला. जेवण करून मी नेहमीप्रमाणे आडवा झालो. श्रेयाची पावले उशाशी थांबली, मग गोठ्याकडे गेली. मी डोळे मिटून होतो. झोप लागलेली नव्हती.