एकतिसावी चाल

ता. ७ फेब्रुवारी १९९४, सोमवार
नारायणगुड्याच्या बुद्धिबळ मंडळाचे चिटणीस यादगिरी सकाळी घरी आले. कै. मीरसाहेबांचे उत्तम दहा डाव निवडून, टिपांसह, पुस्तक काढावयाचे ठरले आहे. निवड मी करावी. चौथी इयत्ता शिकलेल्या माणसाकडे हे काम आले, कारण मीरसाहेबांच्या सर्व डावांची टिपणे माझ्याखेरीज कोणापाशी नाहीत. हयातभर कचेरीत नक्कलनवीस होतो. घरी पक्क्या वहीत उतरविलेल्या प्रत्येक डावाखालीही ‘मुळाबरहुकूम’, म्हणजे मूळ कागदाप्रमाणेच, असे लिहून सही केलेली आहे.
जाताना यादगिरी दारातून म्हणाले, “राव साब, अण्णासाब के साथ वाला फायनल तो होनाच होना. उसके बगैर किताब कैसी?”
कै. अण्णा माझे थोरले बंधू. त्या डावात ते हरले आणि मीरसाहेब अजिंक्य ठरले. मी मान हलविली.

ता. ९, बुधवार
सहा डाव ठरले. उंट देऊन वजीर कोंडला तो निःसंशय पहिला. नुसत्या प्याद्यांचा शेवट असलेला दुसरा. त्यात मीरसाहेबांचा चहा तसाच निवला होता, तशी टीप घालणार. नऊ मिनिटांत मात केलेला डाव लोकांना फार आवडे, वगळला. प्रतिपक्ष कच्चा होता. दुबळ्यास हरविले त्यास उत्तम म्हणू नये.
शेजारच्या गच्चीवर टी.व्ही.ची मोठी छत्री बसविली. दुपारपर्यंत ठोकाठोक. ती थांबल्यावर दुसरी टकटक ऐकू आली, बारीक. अण्णा विचारात असले म्हणजे अंगठी टेबलाच्या कडेवर अशीच वाजवीत.
नळ असावा. परंतु आज नळाची पाळी नव्हती.

ता. १३, रविवार
तारनाक्यास चि. सुलभेकडे गेलो. अण्णांची एकुलती मुलगी. संगणकाच्या नव्या कंपनीत नोकरीस आहे. तिच्या यंत्रात डाव घातला की कोणती चाल बरी, कोणती वाईट, ते सांगते. नियमबाह्य चाल घेतच नाही. तिला माझे मराठी अक्षर लागत नाही, म्हणून मी वाचले, तिने घातले.
अखेर फायनल. “एकतिसावी. पांढरे: डाव्या कडेचे प्यादे एक घर.”
“काका, फिरसे बोलो. प्यादं?”
“लिहिले आहे तेच वाचतो.”
“अहो, मात समोर दिसतेय आणि बाबा कोपऱ्यातलं प्यादं ढकलतात? मशीन म्हणतंय, दुसरं काही खेळले असते तरी जिंकले असते! झोपले होते की काय?” ती हसली. मग हसू गेले. “ह्याच्यामुळं खेळणं सोडलं का त्यांनी?”
तिच्या बोटात अण्णांची अंगठी आहे. यापूर्वी माझ्या लक्षात कशी आली नाही.

ता. १६, बुधवार
घरी पटावर एकतिसाव्या चालीची मांडणी केली. भाजी घेऊन परतलो तो कडेचे प्यादे एक घर मागे, आपल्या मूळ जागी. कामवाली येल्लम्मा म्हणाली, “मैं तो हात बी नै लगाई, साब. झाडू मार के गई, बस.”
प्यादे पुढे केले नाही. हात गेला नाही.

ता. २०, रविवार
तारनाक्यास गेलो नाही. ताप असल्याचे कळविले. ताप नव्हता.
या वहीत तरी खरे लिहावे.
अण्णांनी ते प्यादे कधीच हलविले नव्हते.
आम्ही सर्व देशी डावावर वाढलेलो. त्यात शह न बसलेल्या राजास एकदा घोड्यासारखी उडी मिळे, अडीच घरे. ती स्पर्धा मात्र नव्या नियमांची. तीत अशी उडी नाही. मीरसाहेबांचा राजा मातेच्या तोंडी होता. त्यांनी उडी मारली. अण्णा त्याच सवयीचे, त्यांना वावगे दिसले नाही. मी लेखनिक, हरकत घेणे माझे काम. मीही मुकाट्याने लिहून घेतली. हार घातले गेले, फोटो निघाला.
घरी नक्कल करताना हात थांबला. उडी नसती तर डाव अण्णांचा होता. उठून सांगितले असते तर? परंतु मग लेखनिक काय करीत होता, असे विचारले असते. मी वहीत राजाच्या एका उडीची, नियमात बसतील अशी, दोन पावले केली आणि मध्ये अण्णांच्या नावे एक चाल घातली. कोणास न अडणारी. कडेचे प्यादे. खाली लिहिले: मुळाबरहुकूम.
मीरसाहेबांना पुढे कळले की नाही, ठाऊक नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.
महिन्याने अण्णांनी वही मागितली. बराच वेळ पाहिली. “बापू, हे प्यादे मी हलविले होते का रे?”
“लिहिले आहे ना, अण्णा.”
त्यांनी वही मिटली. स्वतःच्या स्मरणापेक्षा माझ्या अक्षरावर त्यांचा विश्वास अधिक. त्यानंतर पटास हात लावला नाही.

ता. २४, गुरुवार
अंबरपेठेस वहिनींकडे. त्यांस पुस्तकाचे कळले आहे. “भाऊजी, तो डाव छापणार म्हणे? शेवटच्या दिवसांत हे चादरीवर बोट पुढे करायचे, मागे घ्यायचे. मी म्हणे, काय शोधता? म्हणत, एक प्यादं आठवत नाही.”
चहा घेतला नाही. डोके दुखते, असे सांगितले.

ता. २६, शनिवार
ट्रंकेत मूळ कागद सापडला. पेन्सिलीचा, अक्षर फिकट. ‘राजा, अडीच घरे.’ फाडून टाकावयास इतकी वर्षे होती. का ठेवला? नक्कलनवीस मूळ फाडीत नसतो. याहून चांगले उत्तर मजपाशी नाही.

ता. २७, रविवार
यादगिरींना उद्या यादी द्यावयाची. नऊ डाव पक्के. दहावी ओळ कोरी.
चार वाजता चि. सुलभा आली. पट तिसाव्या चालीपर्यंत मांडला होता. शेजारी वही आणि पेन्सिलीचा कागद.
“दोन्ही वाच.”
“तुमचं अक्षर मला कुठं येतंय काका? तुम्हीच वाचा ना.”
“हे माझ्याने वाचवणार नाही. तू वाच.”
आतल्या खोलीत येऊन हे लिहीत आहे. दार उघडे आहे. ती एकेक अक्षर लावते आहे, लहानपणी पाटीवर लावी तशी. “रा... जा... अ... डी...” मध्ये अंगठीची टकटक. मग सोंगट्या हलल्याचा आवाज. एकदा. पुन्हा एकदा.
टकटक थांबली आहे.
“काका.”
एकदाच हाक आली. एवढी ओळ पुरी करून उठतो.