लिनक्स आणि एकशे शहाऐंशी पाट

जोहे, ता. पेण
२६ ऑगस्ट १९९७

तीर्थस्वरूप कमळाकरमामांस प्रविणचा साष्टांग नमस्कार.

तुमची साखर काबूत असेल आणि मामींचे गुडघे रोह्याच्या पावसातही जिना चढू देत असतील, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. (सगळे म्हणजे मी सोडून. चार दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही.)

तुमच्या कंपनीने मोडीत काढलेला आणि तुम्ही प्रेमाने आमच्या मूर्तींच्या कारखान्याला दिलेला कॉम्प्युटर शुक्रवारपर्यंत ठीक चालला. हळू चालायचा, मान्य. बटण दाबून मी एखाद्या गणपतीचं पितांबर रंगवून यायचो, तेव्हा कुठे तो पहिलं अक्षर दाखवायचा. शुक्रवारी हिरामणदादा डोळे आखायला बसला. डोळे आखताना त्याला वारा चालत नाही, धूळ उडते. इतर माणसं पंख्याचं बटण बंद करतात, दादा मेन स्विच खाली ओढतो. (त्याला दोष देत नाही. थोरला भाऊ आहे, शिवाय हातात ब्रश होता.) वीज परत आली तेव्हा पडद्यावर इंग्रजी ओळी धावत गेल्या आणि मध्येच थांबल्या, त्या थांबल्याच.

आपल्याकडे गिऱ्हाईक जूनमध्ये घरचा पाट आणून देतं, आपण त्याच पाटावर मूर्ती बसवतो आणि खाली नावाची चिठ्ठी चिकटवतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! यंदा मीच ठरवलं, चिठ्ठ्या बंद. पाटावर फक्त नंबर, नावं कॉम्प्युटरात. दादा म्हणाला, "चिठ्ठी ऱ्हाऊंदे रे, ती काय खायाला मागते?" मी त्याला सुधारणेवर अर्धा तास व्याख्यान दिलं. आता एकशे शहाऐंशी पाट नंबर लावून बसलेत, चतुर्थी दहा दिवसांवर आहे आणि कोण कुणाचा हे एकट्या त्या यंत्राला ठाऊक. दादाला अजून पत्ता नाही. एकाच्या घरी दुसऱ्याचा बाप्पा गेला तर तो पुन्हा ब्रश धरणार नाही.

कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते लिनक्स नव्याने टाक, असं फोनवर म्हणालात, म्हणून टाकायला घेतलं. चोवीस फ्लॉप्या. सोळा यंत्राने घरघर करत गिळल्या, सतरावी काही केल्या घेईना. रविवारी पेणहून एसटीने रोहा गाठलं, तुम्ही मी आणलेल्या रिकाम्या फ्लॉपीवर सतरावी पुन्हा उतरवून दिलीत. काल सगळ्या बसल्या. मध्ये त्याने विचारलं, डिस्क साफ करू का? इतक्या अदबीने विचारलं, की नाही म्हणवेना. (गणपतीआधी आपण घर साफ करतोच.) यंत्र आता पूर्वीपेक्षा झकास चालतं. यादी तेवढी कुठे दिसत नाही. तरी शनिवारी येऊन ती शोधून द्यावी. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
प्रविण

ता. क. शोधायला येऊ नका. यादीची एक प्रत मी फ्लॉपीवर ठेवली होती, हे आठवून आज कपाट पालथं घातलं. रविवारी तुम्हाला दिलेली रिकामी फ्लॉपी रिकामी नव्हती. म्हणजे यादी पुसून तिच्यावर सतरावी उतरली ती तुमच्याच हातून. बोल लावत नाही, पण अर्धी चूक तुमची, एवढं मनात असू द्या.

ता. क. दुसरा. दादाला सांगितलं. चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने हात पुसले आणि एकेका पाटावर हात फिरवत निघाला. "ह्यो समईनं जळलेला, कृष्णाबाईचा. ह्याचा पाय नाथाच्या आज्यानं बदलला." मागून मी लिहीत होतो, लाजेने मान वर होत नव्हती. एकशे पंच्याऐंशी नावं! उरला एक. कोरा सागवानी पाट, यंदाच नवा आलेला. दादाला तो ओळखता येईना आणि त्याचा चेहरा असा पडला, की माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, हा कमळाकरमामांचा!" दादा केवढा खूश झाला. "मामी किती वर्सं घरात गनपती मागत व्हती. ह्याचे डोले मी सगल्यात निवांत आखीन."

तरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी येऊन त्या पाटाजवळ उभं राहावं. खरा मालक आला, तर मी दादाला चहाला नेईन, तुम्ही मूर्ती निमूट त्याच्या हाती द्यावी. नाही आला, तर बाप्पा रोह्याला तुमच्या घरी. मामींच्या कानावर यातलं काही घालू नका, असं लिहिणार होतो. पण दादा आत्ताच बूथवरून त्यांना फोन करून आला. त्या फोनवर रडल्या, म्हणाला.