रेघेपलीकडची

११ मे

बोय मासळी आली! रात्रभर दक्षिणेचा वारा होता. सकाळी दार उघडलं आणि वासानंच कळलं. आता तळं समुद्राला मिळतं त्या मुखापाशी पुरुष कमरेइतक्या पाण्यात रांगेनं उभे राहतील, आणि बोतो — आमचे डॉल्फिन — बोयचा थवा हाकत त्यांच्यापुढे आणतील. बोतोनं पाण्यावर डोकं आपटलं की पाग, आमचं गोल जाळं, फेकायची. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. जाळ्यातून निसटलेलं बोतोचं, अडकलेलं आपलं. एवढा सरळ व्यवहार माणसामाणसांत मी पाहिला नाही.

मी बोलते, सून लिहिते. मला अक्षर येत नाही. झुल्मिराला येतं, तेवढा एक गुण. (हेही लिही गं. — लिहिलं म्हणते. ओठ आवळून.)

तिला मी स्पेनवाली म्हणते. पूर्वी पोर्तुगालच्या आणि स्पेनच्या राजांनी अख्खी पृथ्वी कलिंगडासारखी कापून वाटून घेतली — इथे पाऊलही न टाकता! सुरी चालली ती आमच्या गावावरून. तिथे दगड उभा केलाय. समुद्राकडचं पोर्तुगालचं, डोंगराकडचं स्पेनचं. झुल्मिरा डोंगराच्या पायथ्याची. लग्न होऊन आली त्या दिवशीच मी म्हटलं, "आली बाई रेघेपलीकडची!" आता सगळं गाव तिला स्पेनवाली म्हणतं.

१२ मे

माझ्या थोरल्याचा, आदेल्मोचा, खांदा काही बसत नाही. डॉक्टर म्हणाला, आता मे-जूनचा हिवाळा लागतोय, पाग विसर. धाकट्यानं क्रिसिऊमा शहरात, त्याच्या फरशीच्या कारखान्यात, थोरल्याला राखणदारीचं काम बघून ठेवलंय. सांतु आंतोनियोचा सण झाला की दुसऱ्या दिवशी ट्रक येणार. सामानाबरोबर मीही. खुर्चीसारखी.

क्रिसिऊमात तळं आहे का, आदेल्मोला विचारलं. नाही म्हणाला.

जेवताना झुल्मिरा म्हणाली, "यांच्या जागी मी उभी राहते." आदेल्मो हसला. मीही हसले. ती हसली नाही. मासे मिळाले तर कुणी कुठे जायला नको, म्हणाली.

१३ मे

बगळा आला होता. खरं नाव बेलार्मिनो, पण आयुष्यभर पाण्यात एका पायावर उभा राहिल्यासारखा राहिला, म्हणून बगळा. रांगेत त्याचा शब्द चालतो. मी म्हटलं, "बगळोबा, माझ्या सुनेला जागा द्या."

म्हणाला, "दोना युफ्राझिया, जागा आम्ही देत नाही. बोतो देतो. बोतो तिच्यापुढे आला, तर मी कोण?"

पंचाईत करून गेला. आणि दोन वाट्या पिठल्यासारखं दाट माशाचं कालवण संपवून गेला.

१५ मे

शी! रांगेत पहिल्याच दिवशी काय घोळ घातला या बाईनं!

जाळीवाली आली होती पिल्लाला घेऊन. जाळीवाली म्हणजे आमची सगळ्यांत शहाणी बोतो. पाठीवरच्या पराची कड लेससारखी कुरतडलेली आहे. मी लेसची जाळी विणते म्हणून बगळ्यानं तरुणपणी तिच्या आजीचं नाव माझ्यावरून ठेवलं, तेच तिच्या घरात चालत आलं. माझ्या नवऱ्यासमोर ठेवलं. हिंमत बघा.

तर जाळीवालीनं नुसती पाठ वाकवली, श्वास घ्यायला. आणि आमच्या बाईनं पाग फेकली! थवा फुटला. जाळीवाली निघून गेली. अख्खी रांग रिकामी. कुणीतरी ओरडलं, "स्पेनवाली, घाई कसली? राजा वाट बघतोय का?"

मी घरी जे बोलले ते ती लिहायला तयार नाही.

१६ मे

लिहितेय. म्हणजे हिचा राग गेला.

२३ मे

आज मला किनाऱ्यावर नेऊन बसवलं. मांडीवर लेस विणायची उशी, अंगावर घोंगडी. समुद्रापलीकडच्या, पोर्तुगालच्या बेटांवरून आमचे पूर्वज आले, तेव्हा राजानं त्यांना गाय, कुऱ्हाड आणि जमीन कबूल केली होती. मिळाली वाळू आणि डास. लेस मात्र बायकांच्या बोटांतून आली, ती कुणाला कबूल करावी लागली नाही.

त्याच पूर्वजांनी देवमासे मारून कढवले. देवळाच्या भिंतीच्या चुन्यात ते तेल आहे, असं आमच्याकडे म्हणतात. आणि त्या देवमाशांच्याच भाऊबंदांतले हे बोतो रोज सकाळी आम्हाला जेवायला बोलावतात! मी बोतो असते तर आले नसते. मी मनात धरते.

धुकं उठलं. गवतातून पांढरे बगळे उडाले. (खरे.) पाणी शिशासारखं, आणि त्यावर जाळीवालीचा पर — एक रेघ ओढत गेला. ही रेघ कुणा राजानं ओढली नाही, आणि तिच्यामागे सगळी रांग कशी वळते बघावं.

झुल्मिरासमोरून गेली. थांबली नाही. झुल्मिरानं पाग हलवलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली. शिकतेय, बाई.

२ जून

उत्तरेचा वारा. बोय नाही.

९ जून

आज बाकीच्यांच्या पागा भरल्या. हिची रिकामी. तरी पहाटेची उभी. ओठ निळे. बगळ्यानं स्वतःच्या दोन बोय दिल्या. "उसन्या नाहीत, थंडीत उभं राहिल्याच्या आहेत," म्हणाला. मी भाजल्या. तिनं खाल्ल्या नाहीत.

जाळीवालीचं पिल्लू तिच्याभोवती खेळत होतं, म्हणाली. पण पिल्लाचं काय! ते अजून बिननावाचं. पिल्लू पहिल्यांदा ज्याच्यापुढे डोकं आपटतं, त्यानं त्याचं नाव ठेवायचं, हा रांगेचा नियम.

१३ जून

सांतु आंतोनियोचा सण. मिरवणूक माझ्या खिडकीखालून गेली. पोरी त्याच्याकडे नवरा मागतात; माझं ते वय गेलं, म्हणून तळं मागितलं. संताला म्हटलं, हरवलेलं शोधून देतोस ना, मग हरवायच्या आधीच सांभाळ.

भांडी बांधून झाली. माझी उशी मीच बांधली. झुल्मिरा म्हणाली, "सासूबाई, उद्या सकाळी एकदा जाऊन येते." जा म्हटलं. ट्रक दुपारचा आहे.

१४ जून

पिल्लानं डोकं आपटलं! आईशिवाय, पहिल्यांदाच, आणि हिच्यापुढे. पाग गोल पडली, ओढायला बगळा धावला. रांगेनं विचारलं, नाव काय? ही मोठ्यानं म्हणाली, "स्पेनवाली!"

बगळ्यानं टोपी काढली. ट्रक आला तो विकायची बोय घेऊन गेला, आम्हाला नाही.

आता ते नाव पाण्यात गेलं. हिला हाक काय मारू? लिही — मुली.

लिही ना. — लेखणी खाली ठेवून हात चोळतेय.

पाग जड असते.