देवाची पोर

३ ऑगस्ट
याही महिन्यात नाही आली! होळीपासून पाळीची सुट्टी — वर्गात बाकीच्या पोट धरून बसतात अन् मी मस्त फिरून राहिली! मोठी आई तर जाम खूश. बाबांची ही वहिनी. महालक्ष्म्या दरवर्षी तिच्याच घरी, अन् यंदा मुखवटे मी बसवायचे!! "आमची गितू देवाची पोर, तिले विटाळच नाही," असं तिच्या रिसाली वस्तीतल्या साऱ्या बायांना सांगून राहिली. तिले लेकरू नाही, म्हणून मी तिचीच.
आई मात्र कॅलेंडरवर महिने मोजून राहिली.

५ ऑगस्ट
हनुवटीवर परत केस! चिमट्यानं उपटताना गौरवनं पाहिलं. "दीदी, मेरे से पहले तेरी दाढ़ी आ गई!" चप्पलच फेकली. भावांचं काही खरं नाही. मग आरशात पाहून मीच खी-खी हसत बसली.

१० ऑगस्ट
मोठ्या आईनं माझी मान घासली. बेसन, दही, लिंबू. "मळ किती हा, बाई!" मान सोलून निघाली, काळी ती काळीच. आग आग!

१६ ऑगस्ट
आईनं लेडी डॉक्टरकडे नेलं. मॅडमनं पहिले मानच पाहिली. "ये मैल नहीं है बेटा." मळ नाही!!! तिथंच नाचावं वाटलं. मान, हनुवटी, पिंपल्स, वाढलेलं वजन, न येणारी पाळी — सारं एकाच गोष्टीचं म्हणे. पीसीओएस. कितीतरी मुलींना असतं. रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. आता रोज फिरायचं, समोसे कमी (हाय!), अन् पाळी यायच्या गोळ्या.
पाळी यायच्या?! अन् माझे मुखवटे?

१७ ऑगस्ट
आमच्या क्वार्टरमध्ये महाभारत! मोठी आई फोनवर, "सण झाल्यावर दे न गोळ्या. कावून घाई?" आई तिच्यापुढे कधी तोंड उघडत नाही. आज म्हणाली, "नाही ताई. पोरीची तब्येत पहिले." बाबा चहा प्यायचे विसरले! मले तर शिट्टी मारावी वाटली.
गोळी घेतली. देवा, येऊ दे, पण महालक्ष्म्या झाल्यावर. प्लीज.

२७ ऑगस्ट
बाप्पा बसले. गोळ्या संपल्या. अजून काही नाही! तांब्याले ओढणी नेसवून प्रॅक्टिस केली. एकदम भारी जमलं.

३१ ऑगस्ट
आली. आजच! साडी नेसून तयार होती मी. मोठ्या आईच्या न्हाणीत बसून रडली, मग बाहेर येऊन तिले सांगून टाकलं. ती सोवळ्यात होती. तरी मले पोटाशी धरलं, सोडेचना. म्हणाली, "मलेही येत नव्हती, बाई. सारे म्हणत, देवाची पोर. कोणी डॉक्टरकडे नेलंच नाही."
मग मुखवटा माझ्या हातात दिला.